चौथी खाच

भट्टीच्या दाराशी एक काठी टांगलेली असते.
तिच्यावर अकरा खाचा, अकरा घरांच्या.
चौथी आमची.

मी ल्योंहून आलो होतो ते घर विकायला.
खिशात दलालाचा नंबर, गाडीत दोन दिवसांचे कपडे.
तीस वर्षं ट्रकमधून लोकांची बिऱ्हाडं हलवली,
पेद्रास्कात माझं काय उरलं होतं?
पाटीच्या दगडाचं छप्पर, त्यावर शेवाळ.
वडिलांची टोपी खुंटीला,
टोपीत कोळ्याचा संसार.

दुसऱ्या दिवशी पहाटे
उंबऱ्यावर एक वाडगा.
वर ओलं फडकं, फडक्यावर चपटा दगड.
आत मूठभर कणीक,
आंबूस, बुडबुड्यांनी हलणारी,
जागी.

वाटलं, कुणी विसरलं.
वाडगा घेऊन शेजारी गेलो, देओलिंदाकडे.
ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पाळी तुझी आहे."

गावात भट्टी एकच,
चर्चच्या मागे, गाभण गाईच्या पोटासारखी.
आणि विरजण एकच.
ज्याची पाळी, त्यानं त्यात आपलं पीठ आंबवायचं,
भाजण्याआधी मूठभर काढून
पुढच्या दारात ठेवायचं.
पहिल्यांदा ते कुणी लावलं, ठाऊक नाही.
विचारतही नाही कुणी.

"पण घर बंद होतं," मी म्हटलं, "तीस वर्षं."
"घर बंद होतं. खाच थोडीच बुजली होती?
दर फेरीला ठेवायचे तुमच्या पायरीवर,
एक रात्र.
सकाळी उचलून पुढे न्यायचे.
एकदा मांजरानं सांडलं,
तर बेल्मीरु आठवडाभर बोलला नाही,
माझ्याशी की मांजराशी, देव जाणे."

ट्रकवाल्याची सवय, मी हिशोब केला:
अकरा दिवसांची फेरी, तीस वर्षं.
हजाराला चार कमी.
इतक्या रात्री माझ्या दारात काहीतरी फुगत होतं
आणि मी हमरस्त्यावर, स्टिअरिंगवर कागद पसरून
प्लास्टिकमधला कापलेला पाव खात होतो,
कुणाच्याच पाळीचा नसलेला.

मग पीठ उसनं आणलं.
लाकडं ज्याची त्यानं दिली, एकेक मोळी;
आदेरितुनं ओली दिली, ती त्याची खोड आहे म्हणे.
हात कोपरापर्यंत कणकेत,
तेव्हा फोन वाजला. दलालच असणार.
वाजून वाजून थांबला.

पाव खालून जळला, मधे कच्चा राहिला.
"वाईट झालाय," झुल्मीरा म्हणाली
आणि आणखी एक तुकडा घेतला.
आदेरितुनं करपलेलं सुरीनं खरवडलं, कॉफीत बुडवलं.
बेल्मीरुला दात नाहीत,
त्याला मधला कच्चा भागच बरा वाटला.
कुणी माझं कौतुक केलं नाही.
कुणी विचारलं नाही, किती दिवस राहणार.
झुल्मीरानं फक्त एवढं सांगितलं,
पुढच्या वेळी मीठ आधी घाल.

पुढच्या वेळी.

पाचवी खाच मोरैशांची.
ते साव पाउलुला गेले, माझ्याही आधी,
त्यांच्या छपरातून आता अंजिराचं झाड वर आलंय.
संध्याकाळी वाडगा घेऊन मी त्यांच्या पायरीवर गेलो.
फडकं ओलं केलं. दगड ठेवला.
निघालो, परत आलो,
वारा डोंगराकडून होता,
वाडगा जरा भिंतीकडे सरकवला.

रात्री दोनदा जाग आली.
उजाडायच्या आत उठलो,
मांजराच्या आधी पोचायचं होतं.